नाही म्हणण्याची पंचाहत्तर वर्षे

स्मरणिकेच्या संपादकांनी संस्थेचा इतिहास लिहायला सांगताना दोन सूचना केल्या. सनावळीत चूक नको आणि फार टीका नको. पहिली सूचना मान्य. दुसरीचे बघू. जमिनीत काय आहे ते खरे सांगण्याचा पगार ज्या संस्थेने पंचाहत्तर वर्षे घेतला, तिच्या इतिहासात तरी गुळमुळीतपणा नसावा.

२९ जुलै १९४९ रोजी दिल्लीत ‘रेअर मिनरल्स सर्व्हे युनिट’ या नावाने ही संस्था सुरू झाली. अणुऊर्जा आयोग त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १० ऑगस्ट १९४८ ला स्थापन झाला होता. होमी भाभांना अणुभट्टी उभारायची होती, भट्टीला युरेनियम लागणार होते, आणि देशात ते नेमके कुठे आणि किती आहे हे कुणालाच धड सांगता येत नव्हते. परदेशातून विकत आणण्याचा रस्ताही मोकळा नव्हता. महायुद्ध संपल्यापासून ज्यांच्याकडे युरेनियम होते ते त्यावर बसून होते. तेव्हा आधी आपले घर धुंडाळायचे ठरले आणि ते काम दाराशा नौशेरवान वाडिया यांच्याकडे आले.

वाडिया तेव्हा पासष्टीचे होते. जन्म सुरतचा, १८८३ चा. जम्मूच्या कॉलेजात शिकवत असताना सुट्ट्यांमध्ये त्यांनी हिमालय पायाखाली घातला. तिथेच लिहिलेले त्यांचे ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’ १९१९ साली निघाले आणि पुढे कित्येक पिढ्यांनी त्यावर परीक्षा दिल्या. विलायतेची पदवी नसतानाही १९२१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यांना नोकरीत घेतले. तिथून निवृत्त झाल्यावर ते सिलोन सरकारचे खनिजतज्ज्ञ झाले. म्हणजे एकदा नव्हे, दोनदा निवृत्त होण्याच्या वयाचा माणूस नव्या देशाचे युरेनियम शोधायला निघाला. हाताशी मूठभर तरुण भूवैज्ञानिक, मोजके गायगर काउंटर आणि सर्वेक्षणाचे जुने नकाशे होते.

नावाचा इतिहास थोडक्यात आटोपतो. आधी रॉ मटेरियल्स डिव्हिजन झाले, १९५८ पासून अ‍ॅटॉमिक मिनरल्स डिव्हिजन, १९७४ साली मुख्यालय हैदराबादला गेले, आणि १९९८ साली ‘अणुखनिज अन्वेषण व संशोधन संचालनालय’ असे आजचे लांबलचक नाव आले. कॅम्पवर मात्र सगळे ‘एएमडी’च म्हणत आले.

या एएमडीचा माल कोणता, असे विचारले तर ‘युरेनियम’ हे उत्तर चटकन तोंडावर येते. ते बरोबर नाही. युरेनियम खाणीतून काढते ती युरेनियम कॉर्पोरेशन (यूसीआयएल), त्याचे इंधन बनवते हैदराबादचे न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स, ते जाळून वीज करते न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन (एनपीसीआयएल). आपण देतो तो अहवाल. आणि आपल्या बहुतेक अहवालांचे सार एवढेच असते की इथे आहे, पण काढण्याजोगे नाही. किंवा इथे नाहीच. असे अहवाल कपाटात जातात, त्यांच्यासाठी कुणी कोनशिला बसवत नाही. माझे मत विचाराल तर या संस्थेची खरी कमाई त्या कपाटातच आहे.

निवृत्तीनंतर मी कोकणात दिवेआगरला राहतो, त्यामुळे उदाहरणही दारातलेच घेतो. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा किनाऱ्यावरची हलकी वाळू उपसून नेतात आणि जड कण मागे ठेवतात. गणपती होऊन गेले की सुरूच्या बनाखालच्या उतारावर काळे पट्टे दिसू लागतात. पर्यटकांना ते जहाजातून सांडलेले तेल वाटते. कागदात गुंडाळलेला लोहचुंबक त्या पट्ट्यावरून फिरवला की काळे कण कागदाला मिशांसारखे उभे राहून चिकटतात. ते मॅग्नेटाइट. जे चिकटत नाहीत आणि तरी काळे व जड आहेत त्यांत इल्मेनाइट असते, टायटॅनियमचे खनिज. साध्या वाळूच्या दाण्याची घनता २.६५, इल्मेनाइटची ४.७ च्या आसपास, मॅग्नेटाइटची ५.२. लाटेला रसायनशास्त्र कळत नाही, वजन कळते. तेवढ्यावर ती इतकी नीट निवड करते की प्रयोगशाळेने हेवा करावा.

आपल्याला हवा असतो तो या काळ्यातला पिवळा दाणा. मोनाझाइट. मधाच्या रंगाचा, जड, आणि भारतीय मोनाझाइटमध्ये साधारण आठ-नऊ टक्के थोरियम ऑक्साइड व शंभर ग्रॅममागे एक तृतीयांश ग्रॅम युरेनियम ऑक्साइड. त्याचा भारतातला शोध कुठल्याही सर्वेक्षणाने लावला नाही. त्रावणकोरहून जर्मनीला जाणाऱ्या काथ्याला चिकटलेली वाळू शॉम्बर्ग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस तपासली आणि तिच्यात हे दाणे निघाले. त्या काळी थोरियम लागे गॅसबत्तीच्या मेंटलला. पुढे भाभांनी याच थोरियमवर देशाच्या तीन टप्प्यांच्या अणुकार्यक्रमाचा शेवटचा टप्पा बेतला. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी मुंबईत नोंदली गेली, १९५२ ला केरळात अलुवाचा कारखाना सुरू झाला आणि १९५५ ला ट्रॉम्बेचा थोरियमचा. तेव्हा दोन्ही किनाऱ्यांची वाळू तपासणे हे आपल्या संस्थेच्या कामात पहिल्यापासूनच आले.

मग कोकणात काय मिळाले? रत्नागिरीच्या बाजूला काळबादेवी, नेवरे, मालगुंड इथे इल्मेनाइट आहे, त्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही बरेच काम केले आहे. मोनाझाइट मात्र नावापुरते. देशाचा मोनाझाइटचा साठा सव्वा कोटी टनांच्या पुढे गेला आहे. आंध्र, ओडिशा, तामिळनाडू, केरळ यांच्या नावासमोर लाखांत आकडे आहेत आणि महाराष्ट्राच्या नावासमोर काही हजार टन. कारण सोपे आहे. नदी डोंगरातून जे आणते तेच किनाऱ्यावर पडते. केरळच्या मागे जुने, रूपांतरित खडक आहेत. आपल्यामागे सह्याद्री, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बेसाल्टमध्ये टनामागे एक ग्रॅमही युरेनियम नसते. ग्रॅनाइटमध्ये सरासरी चारएक ग्रॅम असते. घाटमाथ्यापासून खाजणापर्यंत काउंटर घेऊन हिंडा, तो मरगळल्यासारखा टकटक करत राहतो. बेसाल्ट संपतो तिथेच थोडी आशा. म्हणून तर बेळगाव जिल्ह्यात देशनूरला, कलादगीच्या जुन्या वालुकाश्मांत आपल्या लोकांनी युरेनियम शोधले.

गावात हे पटवणे कठीण जाते. दिवेआगरच्या जमिनीची ख्यातीच अशी आहे की खणले की काहीतरी निघते. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा मराठी ताम्रपट इथलाच. १९९७ च्या नोव्हेंबरात सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. तो २०१२ साली दरोड्यात गेला, ती हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. अशा गावात ‘तुमचे ते युरेनियम इथे कसे नाही हो?’ असे विचारणारे भेटणारच. सोने कुणीतरी आणून पुरले होते. युरेनियम कुणी आणून पुरत नाही, एवढेच मी सांगतो.

होकाराची पहिली मोठी गोष्ट झारखंडच्या सिंहभूममधली. तिथल्या तांब्याच्या पट्ट्यात युरेनियमच्या खुणा आधीपासून ठाऊक होत्या. १९५१ साली जादुगुड्याचा साठा हाती आला. पण डोंगरावर काउंटर वाजणे आणि खाण उभी राहणे यांत सोळा वर्षे गेली. आधी खंदक, मग बोअरहोल. बोअरहोलमधून निघालेला खडकाचा दंडगोल, म्हणजे कोअर, लांब खोक्यांच्या कप्प्यांत ओळीने मांडायचा. प्रत्येक तुकड्यावर रंगाने खोलीचा आकडा घालायचा. कुठला तुकडा उलटा ठेवला गेला तर दोनशे मीटर खालचा खडक कागदावर उलटा होतो. भोकात प्रोब सोडून गॅमा किरणांची नोंद घ्यायची, ती कोअरशी जुळवायची आणि जुळली नाही तर पुन्हा घ्यायची. या कामात नाट्य अजिबात नाही. भोक कुठे पाडायचे यावरून मात्र कॅम्पवर भांडणे होत, आणि ती बहुतेक रात्री जेवणानंतर.

४ ऑक्टोबर १९६७ रोजी युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि जादुगुडा तिच्या हवाली झाले. मुख्य शाफ्ट ६४० मीटरचा, पुढे खाण ९०५ मीटरपर्यंत गेली. धातुकात युरेनियम ऑक्साइड साधारण ०.०६ टक्के. म्हणजे टनभर दगड नऊशे मीटर वर आणायचा, कुटायचा, आम्लात घालायचा, आणि हाती येणार सहाशे ग्रॅमच्या आत. जगात कॅनडासारख्या ठिकाणी याच्या शंभरपट, कुठे दोनशेपट श्रीमंत धातुक आहे. आपण गरीब खाणी चालवतो, कारण दुसऱ्या नव्हत्या. नंतर भाटिन, नरवापहाड, तुरामडीह, बागजाता, बांदुहुरांग, मोहुलडीह अशी रांग लागली, सगळी त्याच पट्ट्यात.

राहिलेला जवळजवळ सगळा दगड चिखल होऊन टेलिंग पॉण्डमध्ये जातो. शेजारच्या आदिवासी गावांनी आजारपणाच्या, जन्मजात व्यंगांच्या तक्रारी केल्या, ‘बुद्धा वीप्स इन जादुगोडा’ हा श्रीप्रकाश यांचा माहितीपट १९९९ साली आला आणि बराच गाजला. कंपनीने आरोप नाकारले. वाद अजून मिटलेला नाही. ‘आम्ही फक्त शोधतो, काढतात दुसरे’ असे म्हणून आपण आजवर या प्रश्नातून अंग काढून घेत आलो. मला ते कधी फारसे शोभले असे वाटत नाही. ज्याने भोक पाडून ‘आहे’ म्हटले त्याच्यापासूनच गोष्ट सुरू होते.

मेघालयात ती गोष्ट सुरू होऊन तिथेच थांबली. १९८४ साली डोमियासियाटच्या परिसरात चांगला साठा मिळाला. वालुकाश्मातला, जमिनीच्या जवळचा, सिंहभूमपेक्षा श्रीमंत. कागदावर सगळे उत्तम. पण खासी टेकड्यांत जमीन सरकारची नसते, घराण्यांची असते, आणि तिथल्या स्पेलिटी लिंग्दोह लांग्रिन या वृद्ध बाईंनी आपली जमीन खाणीला द्यायला ठाम नकार दिला. रक्कम कितीही सांगा, नाही म्हणजे नाही. २०२० मध्ये त्या वारल्या. खाण झालेली नाही. आपल्या अहवालांत साठ्याच्या टनांचा तक्ता असतो, जमीनमालकाच्या उत्तराला रकाना नसतो. तेलंगणातही २०१९ साली नल्लमलाच्या जंगलासाठी लोक रस्त्यावर आले आणि विधानसभेने खाणीविरुद्ध ठराव केला. हेही नकारच, फक्त ते आपण लिहिलेले नव्हते.

उलट दिशेची गोष्ट आंध्रातल्या कडप्प्याची. तुम्मलपल्लेचे युरेनियम ऐंशीच्या दशकात सापडले, पण ते डोलोस्टोनमध्ये, म्हणजे चुनखडकाच्या भावकीतल्या दगडात होते. नेहमीच्या पद्धतीने आम्ल घातले तर आधी सगळे आम्ल दगडच पिऊन टाकतो. शिवाय प्रमाण जादुगुड्याहूनही कमी. शेरा पडला: सध्या किफायतशीर नाही. फाइल मिटली, पण टाकून दिली नाही. पुढे दाबाखाली अल्कलीने युरेनियम विरघळवण्याची पद्धत बसली आणि २०१२ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. दरम्यान आपले लोक त्याच थराच्या मागे मागे भोके पाडत गेले. २०११ साली अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष श्रीकुमार बॅनर्जी यांनी जाहीर केले की तिथला ४९ हजार टनांचा साठा निश्चित झाला आहे आणि तो कितीतरी वाढू शकतो. आज देशाच्या युरेनियमचा सगळ्यात मोठा वाटा त्याच पट्ट्यात आहे. मूळ शेऱ्यातला ‘सध्या’ हा शब्द ज्याने लिहिला त्याला माझा नमस्कार.

इथे आफ्रिकेकडे वळतो, कारण तुलना केल्याशिवाय हे नीट दिसत नाही. नामिबियाच्या वाळवंटात रॉसिंगची खाण १९७६ पासून चालू आहे. धातुक आपल्याहून गरीब, पण उघडे, प्रचंड, कोरड्या ओसाड मुलखात. २००३ नंतर युरेनियमचा भाव चढू लागला. २००० च्या अखेरीस पौंडाला सात डॉलर असलेला भाव जून २००७ मध्ये १३५ च्या वर गेला. त्या चार-पाच वर्षांत नामिबिया, बोत्सवाना, झांबिया, मलावी इथे लहान लहान शोध-कंपन्यांची झुंबड उडाली. बहुतेकींचे कार्यालय पर्थमध्ये, टोरंटोत किंवा लंडनला, शेअर बाजारात नोंदणी, आणि मालमत्ता म्हणजे एका सरकारने दिलेला शोधाचा परवाना. त्यांच्यातले भूवैज्ञानिक आपल्याहून कमी नव्हते. पण त्यांना दर तिमाहीला बाजाराला काहीतरी कळवावे लागे. ‘इथे काही नाही’ असे कळवून कुणाचा शेअर चढत नाही.

त्यांतल्या काही खरोखर कामाच्या निघाल्या. पॅलाडिनने नामिबियातला लांगर हाइनरिख हा सत्तरच्या दशकात सापडून पडून राहिलेला साठा घेतला आणि २००७ मध्ये खाण सुरू केली. मलावीतले कायेलेकेरा २००९ ला सुरू केले. ११ मार्च २०११ ला फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली, भाव कोसळला. २०१४ ला कायेलेकेरा बंद, २०१८ ला लांगर हाइनरिख बंद. भाव पुन्हा वर आल्यावर २०२४ मध्ये लांगर हाइनरिख परत सुरू झाली. दुसरे टोक म्हणजे युरामिन. २००५ ला निघालेली कंपनी, २००७ मध्ये, भाव शिखरावर असताना, फ्रान्सच्या सरकारी अरेव्हाने ती सुमारे अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. मुख्य आकर्षण नामिबियातले ट्रेकोप्ये. ते फायद्यात चालणार नाही हे पुढे कळले आणि २०११ च्या हिशेबात अरेव्हाने जवळजवळ दीड अब्ज युरो बुडीत मांडले. मग चौकश्या, कोर्टकचेऱ्या. माझ्या लेखी त्या व्यवहारात कमी पडला तो एक प्रामाणिक, कंटाळवाणा, नकारार्थी अहवाल. निदान तो वाचणारा तरी.

याचा अर्थ सरकारी संस्था म्हणजे पुण्यवान, असे नाही. आपल्याला बाजाराची भीती नव्हती, तशी घाईही नव्हती, आणि ती नसल्याचे दुष्परिणामही आहेत. २००७-०८ च्या सुमारास देशातल्या अणुभट्ट्या इंधनाअभावी निम्म्या क्षमतेवर चालवाव्या लागत होत्या. नव्या खाणी वेळेत उभ्या राहिल्या नाहीत, त्यात जमीन, परवाने, पैसा यांचा वाटा होता, पण साठ ते नव्वदच्या दशकांत शोधाचा वेग आपणही मंदावू दिला होता. त्या काळात नवीन यंत्रे मिळत नव्हती, हे खरे. जी होती तीही पूर्ण वापरली नाहीत, हेही खरे.

६ सप्टेंबर २००८ रोजी अणुपुरवठादार गटाने भारताला अणुइंधनाच्या व्यापारासाठी सूट दिली. पाठोपाठ फ्रान्स, रशिया, कझाकस्तान, पुढे कॅनडा आणि उझबेकिस्तान यांचे युरेनियम येऊ लागले. ऑगस्ट २००९ मध्ये नामिबियाचे अध्यक्ष पोहाम्बा दिल्लीत असताना त्यांच्याशीही करार झाला. पण पेलिंडाबा करारामुळे, म्हणजे आफ्रिकेला अण्वस्त्रमुक्त ठेवण्याच्या तहामुळे, ते प्रकरण अडकून राहिले. आयात सुरू झाली तेव्हा आता एएमडीची गरज काय, असा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जात होता. त्याचे उत्तर व्यवहाराचे आहे. ज्याच्या घरात किती आहे हे ठाऊक नसते त्याला बाजारात भाव करता येत नाही. आज देशातला युरेनियम ऑक्साइडचा नोंदलेला साठा चार लाख टनांच्या पुढे आहे. महाराष्ट्राचा त्यातला वाटा ३५५ टन, तोही विदर्भातला.

अलीकडचे एक उदाहरण देऊन थांबतो. फेब्रुवारी २०२० मध्ये बातमी फिरली की कर्नाटकात मंड्याजवळ मार्लगल्ला इथे १४,१०० टन लिथियम आहे. लिथियम म्हणजे गाड्यांच्या बॅटऱ्या, त्यामुळे गहजब झाला. देश स्वयंपूर्ण झाल्यासारखे मथळे आले. तो आकडा बाहेरच्या एका शास्त्रज्ञांच्या अंदाजाचा होता. जमिनीवर काम आपले चालू होते. प्राथमिक सर्वेक्षणानंतर एएमडीने दिलेला आकडा निघाला १,६०० टन. पहिला आकडा पहिल्या पानावर छापून आला होता. दुसरा सरकारी उत्तरांत आहे; ज्याला हवा असेल त्याने तिथे जाऊन वाचावा लागतो.